गेट साडेसात फुटांचं, माणसं सात

भाऊजींच्या खिशात टोकनचे अकरा हजार तयार होते, तेव्हा ताईचा फोन आला. "तू एकदा येऊन पाह्य नं. हे उद्याच बुक करून राहिले."

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. आदल्या दिवशी भाऊजी नागपुरातल्या वर्धा रोडवरच्या एका शोरूममधून टेस्ट ड्राइव्ह घेऊन आले होते. सकाळी दहाची वेळ, आधीच एसी लावून गार करून ठेवलेली गाडी, शेजारी सेल्समन, मागच्या दोन्ही रांगा रिकाम्या. डबलडेकर पुलावरून सरळ जायचं, यू-टर्न मारायचा, परत यायचं. साडेचार किलोमीटर, बारा मिनिटं. त्यातही बराच वेळ सनरूफ उघडण्या-मिटण्यात गेला. मी पोचलो तर भाऊजी म्हणाले, "गाडी नाही बे, विमान आहे!"

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या पाहण्यात बावीस वर्षं गेली. नवी गाडी घेताना मला कोणी विचारत नाही, ठोकल्यावर विचारतात. त्यामुळे ताईच्या घरचं हे प्रकरण मी हौसेनं अंगावर घेतलं आणि सवयीनं वहीत नोंदी ठेवल्या. त्या नोंदींवरून हे लिहितोय. कोणत्या शोरूममध्ये काय झालं, ती नावं देणार नाही. गाड्यांना तर भाच्यानं घरातच टोपणनावं ठेवली होती, तीच इथे चालवतो. एका डेमो गाडीत, त्या दिवशीच्या टायर-हवेत जे जाणवलं, ते त्या मॉडेलच्या कपाळी कायमचं चिकटवणं बरोबर नाही.

ताईचं घर प्रतापनगरात. घरात ताई, भाऊजी, सोळा वर्षांची भाची, नऊ वर्षांचा भाचा, ताईचे सासरे म्हणजे काका आणि सासूबाई. त्यांना मी मावशी म्हणतो. सातवी म्हणजे भाऊजींची थोरली बहीण. ती धरमपेठेत एकटी राहते आणि सगळ्यांचीच आत्या आहे. काटोलकडे संत्र्याची बाग आहे, तिकडे महिन्यातून दोनदा अख्खं घर जातं. दारात अकरा वर्षांची हॅचबॅक. बागेत जाताना आत्या आणि भाची एसटीनं मागून यायच्या, आणि त्यावरून दरवेळी रुसवेफुगवे. सात सीटची गाडी हवी, हे ठरलं ते असं.

पहिलं काम म्हणून ताईला मार्च महिन्याचं कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसवलं. शाळा, ट्यूशन, दवाखाना, भाजी, बाग, लग्नं, सगळं आठवून लिहून काढलं. फेऱ्या भरल्या ७१. त्यातल्या ५८ मध्ये गाडीत एक किंवा दोनच माणसं, आणि चाकावर बहुतेक वेळा ताई. ९ फेऱ्यांत चार-पाच जण. सातही जण गाडीत हवे होते, अशा फेऱ्या फक्त ४. काटोलला दोनदा जाणं, दोनदा येणं.

मी माझ्या परीनं शहाणपणा केला. म्हटलं, लहान गाडी घ्या आणि महिन्यातून दोन दिवस मोठी गाडी भाड्यानं आणा, वर्षाला लाखाच्या वर वाचतील. कोणी काही बोललं नाही. मग काका पेपर खाली ठेवून म्हणाले, "आपल्या बागेत भाड्याच्या गाडीनं जायचं काय?" विषय मिटला. मीही पुन्हा काढला नाही.

पण ते कॅलेंडर भिंतीवर राहिलं, आणि पुढे दोनदा कामाला आलं.

दुसरं काम टेपचं. गेटचे दोन खांब, आतून आत, साडेसात फूट. म्हणजे २२८६ मिलिमीटर. त्यात डावीकडच्या बिजागऱ्या आणि कडी मिळून सहा सेंटिमीटर आत आलेल्या. आता कंपन्यांचे आकडे पाहा. एक्सयूव्ही ७०० ची रुंदी १८९० मिलिमीटर, स्कॉर्पिओ-एनची १९१७, सफारीची १९२२, इनोव्हा हायक्रॉसची सुमारे १८५०. हे सगळे आकडे आरसे सोडून. आरसे उघडे ठेवले तर गाडी दोन्ही बाजूंनी आणखी वाढते. जुनी हॅचबॅक १७०० च्या आतली. ती ताई डोळे मिटून आत घालायची. इथे दोन्हीकडे मिळून फूटभर जागा उरते, तीही आरसे मिटवून आणि समोरच्या विजेच्या खांबाला वळसा घालून. पोर्चची लांबी सोळा फूट, म्हणजे ४८७७. सफारी ४६६८, एक्सयूव्ही ७०० ४६९५, हायक्रॉस ४७५५. शेवटच्या गाडीच्या मागे बारा सेंटिमीटर उरतात. गेट लागेल, पण डिकी उघडायला गाडी बाहेर काढावी लागेल.

भाऊजी म्हणाले, "गेट तोडू." हे त्यांनी गमतीनं म्हटलं होतं.

मग यादी. बाजारात तेव्हा सात सीटच्या गाड्या बऱ्याच होत्या. वरच्या चार, शिवाय हेक्टर प्लस, अल्काझार, आणि खिसा फार मोठा असेल तर फॉर्च्युनर. ऑन-रोड तीस लाखांच्या आसपास थांबायचं होतं. तीन प्रकारांतली एकेक निवडली. पहिली शिडीसारख्या चासीवर बसवलेली डिझेल ऑटोमॅटिक. उंच, धिप्पाड, तिचं नाव 'पैलवान'. दुसरी मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि चासी एकच असलेली, तीही डिझेल ऑटोमॅटिक, पडदे-दिवे-सनरूफ सगळं ल्यायलेली. ती 'नवरदेव', आणि भाऊजींचं विमान हेच. तिसरी मी घुसडली, पेट्रोल-हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, लांब आणि बसकी. भाच्यानं तिला 'काकू' म्हटलं. भाऊजी तिच्याकडे बघायलाच तयार नव्हते. "ही एसयूव्ही नाही, ही लग्नाची गाडी आहे." मी म्हटलं, बसून तर पाहू.

शोरूमवाल्यांना आम्ही चार गोष्टी सांगितल्या. सातही जण बसणार. ताई चालवणार. दुपारी दोननंतर येणार. आणि गाडी आमच्या गल्लीत न्यायची. एका ठिकाणी मॅनेजर सरळ म्हणाला, "डेमो गाडीत पाचच्या वर घेत नाही." सात सीटची गाडी विकणारा माणूस हे म्हणत होता! दुसऱ्या ठिकाणी हो म्हणाले आणि पेट्रोलचा लाल दिवा लागलेली गाडी पाठवली. तिसऱ्या ठिकाणचा पोरगा मात्र हुशार निघाला. अर्धा दिवस गाडी दिली आणि स्वतः मागे न बसता दुसऱ्या गाडीनं आला. जिथे शोरूमनं नाही म्हटलं, तिथे आम्ही टॅक्सीवाल्याकडून तेच मॉडेल ड्रायव्हरसह दिवसभरासाठी भाड्यानं घेतलं. हा खर्च मला सर्वांत वसूल वाटला. टॅक्सीचा ड्रायव्हर काही विकत नसतो. पैलवानाच्या ड्रायव्हरला विचारलं, सातजण बसले की सामान कुठे ठेवता? त्यानं बोट वर केलं, छतावरच्या कॅरिअरकडे.

सगळ्यात जास्त कळलं ते मात्र गाडी उभी असताना.

मावशींचे दोन्ही गुडघे बदललेले. त्यांना पाय फार दुमडता येत नाही आणि फार उचलताही येत नाही. त्यांची रीत अशी की आधी सीटवर आडवं टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. म्हणजे सीट कमरेच्या जवळपास हवी, तिथपर्यंत जायला मधे पायरी नको. पैलवानाला बाजूची पायरी आणि आत धरायला मूठ होती. मावशी मूठ धरून चढल्या, भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. उतरताना मात्र त्या पायरीवर थबकल्या. खाली जमीन दिसेना, पाय चाचपडायला लागला, एक हात मुठीला आणि दुसरा भाचीच्या खांद्यावर. अर्धा मिनिट तशाच उभ्या. मग म्हणाल्या, "चढीन गं, उतरणार नाही." काकूत त्या दिवाणावर बसाव्यात तशा बसल्या. नवरदेव दोघांच्या मधला, समोरच्या सीटवर जमलं, मधल्या रांगेत नाही.

तिसऱ्या रांगेसाठी आत्या आणि भाची. आत्या त्रेसष्ट वर्षांची, अंगानं भरलेली. भाची साडेपाच फुटांची. दोघींना मागे बसवून दारं लावली आणि पंचवीस मिनिटं उतरायचं नाही, असं सांगितलं. पाच मिनिटं कुठल्याही सीटवर बरी वाटतात. दहाव्या मिनिटाला मी दोघींच्या मांडीखाली हात सरकवून पाहायला सांगितलं. मांडी आणि सीट यांच्यामध्ये तळहात सहज गेला, तर सगळा भार कमरेवर आणि टाचांवर येतो. काटोलपर्यंत असं बसलेलं माणूस उतरताना वाकलेलं उतरतं. शिडीच्या चासीत हे बहुधा होतं, कारण फरशी चासीच्या वर बसते आणि छताची उंची गाठायला सीट फरशीजवळ खाली घ्यावी लागते. मग गुडघे छातीशी. पैलवानात आत्याचा तळहात मनगटापर्यंत गेला. नवरदेवात बोटं गेली. काकूत बोटांची टोकं.

त्यानंतर मी दोघींना म्हटलं, आता बाहेर या. बाहेरून कोणी मदत करणार नाही. मधली सीट आतून, मागच्या माणसाला पाडता येते का? खटका हाताला लागतो का? एका गाडीत तो भाचीला सापडायलाच दीड मिनिट गेला. दुसरीत मधल्या रांगेतल्या दोन सुट्या खुर्च्यांमधून आत्या आडवी होऊन निघाली आणि चिडली. ही चाचणी बघून सेल्समन हसला. मी हसलो नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी आणि नाग नदी वस्त्यांत शिरली, त्यानंतर महिनाभर मी फक्त बुडालेल्या गाड्याच पाहत होतो. त्या गाड्या सुदैवानं बहुतेक उभ्याच होत्या. पण तेव्हापासून मागच्या रांगेत बसलेला माणूस बाहेर कसा येणार, हा प्रश्न मला प्रत्येक सात सीटच्या गाडीत पडतो. त्यातच मधल्या सीटवर मुलाची चाइल्ड सीट बांधलेली असेल, तर ती बाजू पडतच नाही. तिसऱ्या रांगेची वाट मग एकाच दारानं.

टकरीच्या चाचणीत गाडीला सुरक्षेसाठी जे तारे मिळतात, त्यांच्याबद्दलही इथेच सांगतो. भाऊजींचं म्हणणं, "पाच स्टार आहेत, आणखी काय पाहिजे?" सफारीला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे २०२३ मध्ये मिळाले आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्येही पाच तारे मिळवणारी ती पहिल्या दोन गाड्यांपैकी एक. एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्ये, स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये पाच. हे तारे खरे आहेत आणि त्यांना किंमत आहे. पण टकरीच्या त्या चाचणीत मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात आणि लहान मुलांचे मधल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कोणीच नसतं. म्हणून आत्याच्या सीटसाठी तारे न मोजता तीन गोष्टी बघितल्या. पट्टा तीन टोकांचा आहे का, डोक्यामागची उशी तिच्या डोक्यापर्यंत येते का, आणि बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग शेवटच्या खिडकीपर्यंत जातात का. शेवटचा प्रश्न विचारला की सेल्समन "सहा एअरबॅग आहेत सर" म्हणतो. सहा कुठे आहेत, हे ब्रोशरच्या चित्रात बोट ठेवून दाखवायला सांगावं.

आता ऊन. नागपूरकरांना हे समजावायला नको. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. आम्ही चाचणी घेतली तेव्हा पारा ४४ च्या आसपास होता. दुपारी दीडला गाडी उघड्यावर उभी केली, काचा बंद. दोनशे-दोनशे रुपयांचे दोन डिजिटल थर्मामीटर. एक मधल्या रांगेत हाताच्या टेकणीवर, दुसरा शेवटच्या रांगेतल्या कप होल्डरमध्ये. अडीचला दार उघडलं तेव्हा नवरदेवात आकडा होता ५९. सगळे बसले, एसी लावला, गाडी हलवली. भाचा दर दोन मिनिटांनी आकडे ओरडून सांगत होता. मधली रांग दहा मिनिटांत ३० वर आली. शेवटच्या रांगेत तेव्हा ३८ होतं, आणि आत्या पदरानं वारा घेत होती. सनरूफचा पडदा बंदच होता, पण त्याला हात लावला तर चटका बसावा इतका गरम. बारा मिनिटांच्या फेरीत ज्या काचेनं भाऊजींना विमान दाखवलं, तीच आता डोक्यावर चूल झाली होती. पैलवानाच्या मागच्या रांगेला दहा मिनिटांनी ३४, काकूच्या ३३. दिवस वेगळे होते, त्यामुळे एखाद-दोन अंशांचा फरक मी मोजत नाही. चार-पाच अंश मात्र अंगाला कळतात.

सिग्नलवर आणखी एक फरक दिसला. डिझेल गाडीचा एसी इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद झालं की पंखा नुसता कोमट वारा देतो. मग माणूस ती सोय कायमची बंद करून टाकतो. हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिन बंद असलं तरी गार हवा येत राहते. अर्थात बॅटरी उतरली की इंजिन पुन्हा सुरू होतंच, फुकट काही नाही. शोरूमवाला वर "फिल्म लावून देतो, काळी" म्हणाला. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये त्यावर बंदी आणली. पुढे नियम बदलले तरी पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. तो दाखवत होता त्या फिल्ममधून त्याचा स्वतःचा हातही दिसत नव्हता.

रामटेकची फेरी मुद्दाम ठरवली. कामठी, मनसर, आणि शेवटी गडावर चढणारा घाट. सातजणांचं वजन घरच्या काट्यावर केलं तर ४३१ किलो भरलं, भाची काट्यावर चढायला तयार नव्हती तो वेळ वेगळा. निघण्याआधी ड्रायव्हरच्या दाराशी असलेल्या स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा पाहून हवा भरून घेतली. डेमो गाडीत ती बहुतेकदा कमी किंवा जास्त असते, आणि मग लोक सस्पेन्शनला शिव्या देतात. एकट्या भाऊजींना घेऊन उडणारा नवरदेव सातजण बसल्यावरही घाट चढला, जोर कुठे कमी पडला नाही. डिझेलचं ते खरंच सुख आहे. काकू घाटात ओरडते. इंजिनचा आवाज आधी वाढतो, वेग मागून येतो, आणि भाऊजी प्रत्येक वळणावर माझ्याकडे बघत होते.

पैलवानात मात्र भाचा तिसऱ्या रांगेत हट्टानं बसला आणि गडाच्या तिसऱ्या वळणावर गप्प झाला. भाचा गप्प म्हणजे काहीतरी गडबड. ताईनं पिशवी पुढे करेपर्यंत सकाळचे तर्रीपोहे आत्याच्या साडीवर. मागच्या चाकांच्या वर किंवा मागे बसलेल्या माणसाला प्रत्येक खड्डा आणि वळण दुप्पट लागतं, खिडकी लहान असली की पुढचा रस्ता दिसत नाही, आणि हातात मोबाइल असला तर पाहायलाच नको. टॅक्सीवाल्यानं काही न बोलता डिकीतून पाण्याची कॅन आणि वर्तमानपत्रं काढली. सवयीचा होता.

काटोलची चाचणी साधी होती. संत्र्याचे तीन रिकामे कॅरेट नेले आणि सगळ्या सीट उभ्या ठेवून डिकीत बसवून पाहिले. काकूत एक कॅरेट आणि दोन पिशव्या. नवरदेवात एक कॅरेट, तेही आडवं. पैलवानात दार लागलं नाही.

आणि ताई? चौथ्या दिवशी लक्षात आलं की कुठल्याही शोरूममध्ये कोणी तिच्याशी बोललंच नव्हतं. इंजिन, टॉर्क, ॲडास म्हणजे ड्रायव्हरला सावध करणारी यंत्रणा, सगळं भाऊजींना उद्देशून. ५८ फेऱ्या जिच्या, तिला फक्त रंग विचारला. म्हणून एका गुरुवारी, शाळा सुटायच्या वेळेला, तिलाच चाकावर बसवलं. माटे चौकात उजवीकडे वळताना तिनं दोनदा ब्रेक मारला. समोरच्या काचेच्या जाड खांबामागे अख्खी स्कूटर लपत होती. सीट वर घेतली, जरा पुढे वाकून बघायची सवय केली, तेव्हा सुधारलं. पार्किंगचा कॅमेरा सगळ्यांत होता, पण दुपारच्या उन्हात पडदा धूसर दिसतो आणि गेटचा खांब काही पडद्यावर थांबत नाही. गल्लीत तिन्ही गाड्या तिनं आत घातल्या. पैलवान तीन वेळा मागेपुढे करून, काकू दोनदा, नवरदेव दोनदा आणि आरशाला बारीक ओरखडा. त्या पोरानं "राहू द्या मॅडम, पॉलिशनं जाईल" म्हटलं. माझ्या धंद्यात इतकं मोठं मन मी क्वचितच पाहिलं.

डिझेल की हायब्रिड, हा वाद घरात आठवडाभर चालला आणि इथे कॅलेंडर परत कामाला आलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. जाळीत साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी धूर पुरेसा तापायला हवा. म्हणजे काही वेळ सलग बऱ्या वेगानं गाडी पळायला हवी. ताईची शाळा चार किलोमीटरवर. इंजिन गरम होतं न होतं तोच फाटक येतं. असं महिनोन् महिने चाललं की दिवा लागतो, दुर्लक्ष केलं की वर्कशॉप. भाऊजींचा मुद्दा होता की महिन्यातून दोनदा काटोल होतंच, जाळी तिकडे साफ होईल. तो चुकीचा नव्हता. वर्षाला तीस हजार किलोमीटर हायवे असता तर मीच डिझेल म्हटलं असतं. इथे मात्र दिवा लागला की गाडी समृद्धी महामार्गावर फिरवून आणायची, हे लक्षात ठेवायचं काम ताईवर आलं असतं. हायक्रॉस हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर. काकूच्या टॅक्सीवाल्यानं एसी लावून, माणसं भरून सतराच्या आसपास सांगितलं. मी हिशेबात सोळा धरले.

पैशाचं थोडक्यात. महाराष्ट्रात रस्ता कर पेट्रोलला दहा ते वीस लाखांच्या गाडीवर १२ टक्के आणि वीसच्या वर १३. डिझेलला १४ आणि १५. पंचवीस लाखांच्या गाडीवर दोन टक्के म्हणजे पन्नास हजार, ते डिझेलच्या बाजूला मांडले. एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणारा आपल्याकडून आधीच गोळा करतो तो आयकर, रिटर्न भरताना वळता होतो, त्याला खर्च म्हणू नये. कोटेशनमधला 'हँडलिंग चार्ज' कशाचा, ते लेखी मागितलं. दुसऱ्या दिवशीच्या कोटेशनमध्ये तो नव्हता. विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो, हे खोटं. बाहेरून तीन भाव आणले, झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई, आणि इंजिन संरक्षण दोन्ही घेतलं. २०२३ च्या पुरानंतर अनेकांनी पाण्यातली गाडी "चालू होते का" म्हणून चावी फिरवली आणि इंजिन गमावलं. तशा दाव्यांवर झालेली भांडणं मी जवळून पाहिली आहेत.

जूनच्या शेवटी काकू बुक झाली. मतदान पाच विरुद्ध एक, काका तटस्थ. वेटिंग तीन महिन्यांचं.

आणि सप्टेंबरमध्ये भाऊजींनी खटला पुन्हा उघडला. २२ सप्टेंबरपासून मोठ्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि त्यावरचा सेस जाऊन सरसकट ४० टक्के आला. त्यांनी कागद घेऊन मला मांडून दाखवलं. डिझेल एसयूव्हीवर आधी एकूण ५० टक्के होते. कराआधी सोळा लाखांची गाडी चोवीसला पडायची, आता बावीस लाख चाळीस हजारांना. हायब्रिडवर आधीच ४३ होते, म्हणजे घट तीन टक्क्यांचीच. "माझा नवरदेव एक लाख साठ हजारांनी स्वस्त झाला, तुझी काकू तिथंच." हिशेब बिनचूक होता. मी उत्तर दिलं नाही. ताईनं भिंतीवरचं मार्चचं कॅलेंडर काढून त्यांच्या कागदावर ठेवलं.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, डिलिव्हरी. नागपुरात त्या दिवशी लक्ष्मीनगर-प्रतापनगरच्या बाजूनं गाडी आणायची कल्पना ज्याला सुचली, त्यानं दीक्षाभूमीची गर्दी कधी पाहिली नसावी. नवी कोरी गाडी झेंडूच्या माळेसकट दोन तास रिंग रोडवर उभी होती. रात्री साडेदहाला ताईनं ती गेटातून आत घेतली, एका दमात. कारण गेट आता नऊ फुटांचं आहे. डावा खांब पाडून सरकवला, बिजागऱ्या बाहेरून लावल्या, साडेअठरा हजार लागले. हा खर्च माझ्या वहीतही नव्हता.

दिवाळीनंतर पहिल्यांदा सगळे बागेत गेले. चाकावर ताई, शेजारी मावशी. मधल्या रांगेत काका, आत्या आणि भाचा. रामटेकनंतर त्याला मागे बसवत नाहीत. फेटरी ओलांडल्यावर भाचीनं मागच्या रांगेतून मला फोटो पाठवला. तिच्या शेजारी भाऊजी, मांडीवर फराळाचा डबा, हात वर, एसीची झडप स्वतःकडे वळवताना.